डोळ्याआधी हात

माणूस मागे कागद ठेवून गेला नाही तर तो झालाच नाही असे इतिहास धरून चालतो. आणि ते कागद त्याने स्वतःच, भीतीने म्हणा, लज्जेने म्हणा, किंवा आपल्यामागे लोकांच्या जिभेला चघळायला काही उरू नये या शहाणपणाने म्हणा, चुलीत घातले असतील, तर त्या राखेबद्दल जाब तरी कोणाला विचारावा? आपल्याकडे मोडीची रुमालबंद दप्तरे माळ्यावरून उतरवून, वाळवीशी आणि वारसदारांच्या अनास्थेशी झगडत ज्या संशोधकांनी आयुष्ये वेचली त्यांना गहाळ कागदाचे दुःख पुरेपूर ठाऊक होते. परंतु वाळवीने खाल्लेले दप्तर आणि धन्यानेच जाळलेले दप्तर यांत मोठे अंतर आहे, कारण पहिल्याची निदान हळहळ होते, दुसऱ्याची कोणाला वार्ताही नसते. बार्बरा हॅमर या अमेरिकन चित्रपटकर्तीने १९६८ पासून २०१८ पर्यंत, म्हणजे पुरी पन्नास वर्षे, ऐंशीच्या आसपास लहानमोठे चित्रपट केले, आणि त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी या दुसऱ्या प्रकारच्या दप्तराची चिंता आहे. स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्रीचे जीवन ज्या पडद्यावर तिच्या स्वतःच्या हातून कधी उमटलेच नव्हते तेथे ते प्रथम उमटवायचे, मग पूर्वी होऊन गेलेल्यांच्या राखेतून हाती लागेल ते वेचायचे, आणि अखेरीस स्वतःचा देहच पुरावा म्हणून दाखल करायचा, असा या कारकिर्दीचा ओघ मला दिसतो.

आरंभीच एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. हॅमरबाई स्वतःला ‘लेस्बियन’ म्हणवीत, आणि तो शब्द त्या एखाद्या मानाच्या पदवीसारखा मिरवीत. मराठीत आपण ‘समलिंगी’ हा शब्द घडवला खरा. परंतु तो वैद्यकाच्या ग्रंथातून थेट उचलल्यासारखा निर्जंतुक आहे, त्याला ना शिवीची धार, ना लाडाची ऊब. म्हणून जेथे बाईंचाच शब्द हवा तेथे मी तो तसाच ठेवला आहे, आणि शुद्धीचा आग्रह धरणाऱ्या वाचकांची त्याबद्दल आगाऊ क्षमा मागितली आहे.

त्यांचा जन्म १५ मे १९३९ रोजी खुद्द हॉलिवूडमध्ये झाला. मूळची युक्रेनकडची असलेली त्यांची आजी मूकपटांच्या काळातील थोर नटी लिलियन गिश हिच्याकडे स्वयंपाकाला होती, आणि आपली मुलगी शर्ली टेंपलप्रमाणे बालतारका व्हावी असे आईच्या मनात होते. म्हणजे चित्रपटाच्या राजवाड्यात या घराण्याचा शिरकाव झाला तो मुदपाकखान्याच्या दाराने, आणि दिवाणखान्यापर्यंत जाण्याची आस मात्र कायम राहिली. त्या राजवाड्यात तेव्हा ‘प्रॉडक्शन कोड’ नावाच्या आचारसंहितेचा अंमल होता. १९३० साली ठरलेल्या आणि १९३४ पासून सक्तीने बजावल्या जाणाऱ्या त्या कलमांत लैंगिक विकृती आणि तिची नुसती सूचनासुद्धा वर्ज्य मानली होती, आणि त्या सदरात कोणाकोणाला बसवायचे हे उघड सांगण्याची कोणाला गरज वाटत नव्हती. १९६८ साली ती कलमे मोडीत निघून वर्गवारीची नवी पद्धत आली, आणि त्याच साली हॅमरबाईंनी ‘स्किझी’ हा आपला सुरुवातीचा चित्रपट सुपर ८ च्या चिमुकल्या फितीवर केला. तारखांचा हा मेळ कोणी घडवून आणलेला नाही. पण प्रस्तावना लिहिणाऱ्याला असा मेळ सापडला की त्याचा मोह आवरत नाही.

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून १९६१ साली मानसशास्त्राची पदवी, त्याच वर्षी विवाह, तोही नवऱ्याने जगप्रवास घडवावा या अटीवर, पुढे इंग्रजी वाङ्मयाची उच्च पदवी, असा चारचौघींसारखा, किंबहुना चारचौघींपेक्षा थोडा मोकळाच संसार चालू होता. तिशी गाठेपर्यंत ‘लेस्बियन’ हा शब्दही आपल्या कानी पडला नव्हता असे त्या सांगत, आणि यात मला आश्चर्य वाटत नाही, कारण ज्या गोष्टीचा उच्चारच निषिद्ध तिचे नाव तरी कोण कोणाला सांगणार? १९७० च्या सुमारास, स्त्रीमुक्तीची चळवळ भरात असताना, ते नाव त्यांना सापडले; संसार संपला, आणि मोटरसायकल व सुपर ८ चा कॅमेरा घेऊन बाई बाहेर पडल्या. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत चित्रपटकलेचे रीतसर शिक्षण घेताना, इतिहासाच्या तासाला पुरुषांनी केलेले चित्रपट एकामागून एक पाहून झाल्यावर, एके दिवशी माया डेरेन हिचा १९४३ चा ‘मेशेस ऑफ दि आफ्टरनून’ पडद्यावर आला: घराच्या चार भिंतींत, मोजक्या पैशांत, पतीच्या साहाय्याने केलेला तो लघुपट स्वप्नाच्या तर्काने चालतो, आणि त्यात पाहणारी बाई व दिसणारी बाई एकच आहे. बायकांचा चित्रपट म्हणून काही वेगळी गोष्ट असू शकते ही खूणगाठ हॅमरबाईंनी त्या अंधाऱ्या वर्गात बांधली. डेरेनचे हे ऋण त्यांनी आयुष्यभर मानले. २०११ साली तर त्यांनी ‘माया डेरेन्स सिंक’ नावाचा एक लघुपटच केला.

आता १९७४ च्या ‘डायकटॅक्टिक्स’कडे यावे. ‘डायक’ ही अमेरिकन बोलीत अशा स्त्रियांना हासडली जाणारी शिवी. तिला डावपेचांचा शब्द जोडून बाईंनी शिवीचेच निशाण केले. चित्रपट अवघा चार मिनिटांचा, परंतु त्यात सुमारे ११० दृश्ये आहेत, आणि ती निवडताना कसोटी एकच ठेवली होती: ज्यात स्पर्श आहे तेच दृश्य राहील. पूर्वार्धात रानात जमलेला विवस्त्र स्त्रियांचा मेळा, उत्तरार्धात दोघीच, आणि त्या दोघींत एक स्वतः दिग्दर्शिका. मी तो प्रथम पाहिला तो एका लहान पडद्यावर, रात्री, भिंतीपलीकडची माणसे जागी होऊ नयेत म्हणून आवाज पूर्ण बंद करून, आणि खरे सांगायचे तर एखाद्या चोरट्या कुतूहलानेच. ते कुतूहल पहिल्या मिनिटातच ओशाळले. दृश्य सरासरी दोन सेकंदांत निघून जाते, एकावर दुसरे चढते, नजर कुठे खिळवून ठेवावी म्हटले तर ठरत नाही. आणि चार मिनिटे संपल्यावर लक्षात येते की आपल्याला एकाही चेहऱ्याचे नाकडोळे आठवत नाहीत, पण गवतावरून, पाण्यातून, पाठीवरून फिरलेले हात मात्र आठवतात. मूल डोळ्याआधी हाताने जग शिकते, आणि दृष्टीने ते शिक्षण कधी विसरू नये, हा बाईंचा आवडता सिद्धान्त होता. सिद्धान्त म्हणून तो कोणी खोडून काढील. त्या फितीवर तो खोडता येत नाही. स्त्रियांचे परस्परप्रेम पडद्यावर त्यापूर्वी आले नव्हते असे नाही, पण ते इतरांनी इतरांसाठी रंगवलेले होते. आपल्याकडे विजय तेंडुलकरांनी मित्रा नावाच्या अशाच एका स्त्रीची ‘मित्राची गोष्ट’ रंगभूमीवर आणली ती १९८१ साली, आणि ती धैर्याची गोष्ट होती यात संशय नाही. तथापि ती मित्राची गोष्ट होती, मित्राने सांगितलेली नव्हती. ‘डायकटॅक्टिक्स’मध्ये सांगणारी आणि जिची गोष्ट ती, या दोघींत कोणी मध्यस्थ नाही. लेस्बियन स्त्रीने लेस्बियन प्रणयाचे केलेले चित्रण म्हणून त्याचा मान पहिल्या काहींत आहे.

त्या दशकातील इतर कृतींत खेळकरपणा पुष्कळ आहे, आणि त्यांचे समीक्षक तो नेमका विसरतात. ‘सुपरडायक’मध्ये ढाली घेतलेल्या रणरागिणींची एक तुकडी सॅन फ्रान्सिस्को शहरातील संस्था काबीज करीत हिंडते आणि मग दमूनभागून गावाबाहेर विसाव्याला जाते, ‘मेन्सेस’मध्ये मासिक पाळीसारख्या, घरात बाजूला बसवण्याच्या विषयाची चक्क थट्टा मांडली आहे.

‘स्वतंत्र’ हे विशेषण आपण सैल हाताने वापरतो. त्याचा येथील व्यवहार पाहिला म्हणजे त्याला वजन येते. निर्माता नाही, भांडवल नाही, नटनट्यांचा ताफा नाही. १६ मिलिमीटर फितीचे शंभर फुटी रीळ म्हणजे ४००० चौकटी, आणि सेकंदाला २४ या गतीने त्या अडीच-पावणेतीन मिनिटांत संपतात. बोलेक्स कॅमेऱ्याला हाताने चावी द्यायची, ती जेमतेम अर्धा मिनिट पुरते, की पुन्हा चावी. धुलाईचे पैसे वेगळे, प्रतीचे वेगळे. तयार प्रत ‘कॅन्यन सिनेमा’सारख्या चित्रपटकर्त्यांनीच चालवलेल्या सहकारी संस्थेत ठेवायची, कोणी भाड्याने नेली तर त्यातला वाटा घ्यायचा, आणि उरलेल्या वेळी पेटी उचलून स्वतः गावोगाव दाखवीत फिरायचे. काही खेळ केवळ स्त्रियांसाठी ठेवलेले असत. १९८३ च्या ‘ऑडियन्स’ या चित्रपटात तर बाईंनी कॅमेरा उलटा फिरवून सॅन फ्रान्सिस्को, लंडन, टोरंटो आणि माँट्रियल येथील आपल्या प्रेक्षकांनाच चित्रित केले. आपल्याला पाहायला कोण येते आणि का, याची मोजदाद स्वतः ठेवणारा कलावंत विरळा. पण ज्यांची गणतीच कोठे झाली नाही त्यांच्यात ही मोजदादसुद्धा नोंद ठरते.

याच सुमारास घरचा आहेर मिळाला. स्त्रीवादी चित्रपटविचारात १९७५ च्या लॉरा मल्व्ही यांच्या निबंधापासून असे मत रूढ होऊ लागले होते की पडद्यावरील स्त्रीदेह हा पुरुषी नजरेचे भक्ष्य असल्यामुळे तो दाखवणे हेच मुळात संशयास्पद; शिवाय स्त्री म्हणजे निसर्ग, स्त्री म्हणजे माती आणि पाणी, या समीकरणात पुन्हा जुनीच बेडी आहे असा आक्षेप हॅमरबाईंच्या रानावनातील चित्रांवर आला. माझ्या मते या आक्षेपाचा दुसरा अर्धा भाग खरा आहे. फुले, फळे आणि स्त्रीदेह यांची तुलना ‘विमेन आय लव्ह’मध्ये इतक्या वेळा येते की रसिकालाही थोडे अजीर्ण व्हावे. पहिला अर्धा भाग मात्र अन्यायाचा होता, कारण ज्यांचे चित्रच कधी निघाले नाही त्यांना चित्र काढण्यातील धोके आधी शिकवणे म्हणजे उपाशी माणसाला पथ्य सांगणे होय. बाईंनी वाद घालत बसण्यापेक्षा वाट बदलली. त्या न्यूयॉर्कला गेल्या, देह काही काळ बाजूला ठेवला, आणि ऑप्टिकल प्रिंटर या यंत्रावर एकेक चौकट पुन्हा चित्रित करीत प्रकाशाचाच विचार करू लागल्या. १९८५ च्या ‘ऑप्टिक नर्व्ह’मध्ये शुश्रूषागृहातील आजीची भेट आहे, पण चौकटी अशा घसरतात, थरथरतात, एकमेकींवर पडतात, की वार्धक्य दिसते त्यापेक्षा आपली नजरच म्हातारी झाल्यासारखी वाटते. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने आपल्या द्वैवार्षिक प्रदर्शनात या चित्रपटाला स्थान दिले, आणि वीस वर्षांपूर्वी जिला शिव्याच ठरल्या असत्या ती स्त्री कलेच्या दरबारात रुजू झाली.

दरबारात जागा मिळाल्यावर माणसे सहसा शहाणी होतात. या बाई पुन्हा आपल्या मूळ फिर्यादीकडे वळल्या. १९९२ चा ‘नायट्रेट किसेस’ हा त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट, आणि माझ्या मते त्यांची सर्वांत वजनदार कृती. नावातच अर्थ भरला आहे: जुन्या चित्रपटांची फीत सेल्युलोज नायट्रेटची असे, ती भडकन पेट घेई, आणि न पेटली तरी कालांतराने आपोआप कुजून तिची भुकटी होई. आरंभी विला कॅथर ही अमेरिकन कादंबरीकार येते. ती एडिथ लुइस हिच्यासह सुमारे चाळीस वर्षे एका घरात राहिली; आपली पत्रे प्रसिद्ध करू नयेत अशी तिने मृत्युपत्रात तजवीज केली, आणि बरीचशी जाळली असा प्रवाद होता. (पुढे २०१३ साली तिच्या निवडक पत्रांचा जाडजूड संग्रह निघाला, जळाले म्हणून ज्यांचे सूतक पाळले त्यांतले पुष्कळ कोठे ना कोठे शाबूत होते. गहाळ दप्तराच्या शोधकांनी आशा सोडू नये ती यासाठी.) मग मोडक्या इमारती, ओसाड खोल्या, आणि मध्येच जबान्या: ज्यांनी तो काळ काढला त्यांचे आवाज, चेहऱ्याविना.

परंतु या चित्रपटातील एक प्रसंग जवळून पाहिला पाहिजे. दोन पुरुष एकमेकांच्या मिठीत आहेत, आणि त्यांच्या देहांवरून खालून वर पडदाभर मजकूर सरकू लागतो: तो त्याच ‘प्रॉडक्शन कोड’चा. कलमे वाचावीत तर खालचे देह दिसतात, देह पाहावेत तर कलमे आड येतात. कायदा आणि कायद्याने ज्याला नाकारले ते, दोन्ही एकाच चौकटीत, एकाच प्रकाशात. कोणी भाष्य करीत नाही, कोणी ओरडत नाही. चित्रपटधंद्याच्या फर्मानाची इतकी शांत फजिती मी दुसरीकडे पाहिलेली नाही. आणि याच चित्रपटात सत्तरीच्या दोन वृद्धा प्रणय करताना दिसतात, सुरकुत्यांसकट, घाई न करता. पहिल्यांदा आपण अवघडतो; मग आपण का अवघडलो याचा विचार करू लागतो; तोवर कॅमेरा अगदी जवळ, जवळजवळ त्वचेला टेकून, पुढे गेलेला असतो. ‘डायकटॅक्टिक्स’मधला तरुण हात येथे म्हातारा झाला आहे, इतकेच.

एक बारीक धागा येथे नमूद करून ठेवतो. ‘नायट्रेट किसेस’मध्ये ‘लॉट इन सॉडम’ या १९३३ च्या प्रयोगपटाचे तुकडे वापरले आहेत. तो करणाऱ्यांपैकी एक, जेम्स सिब्ली वॉटसन, हा रॉचेस्टरचा वैद्य; त्याने पुढे क्ष-किरणांनी हलत्या मानवी देहाची चलच्चित्रे घेतली. ती रिळे हॅमरबाईंच्या हाती लागली, आणि १९९० साली त्यांतून ‘सँक्टस’ हा चित्रपट झाला, ज्यात सांगाडे, हृदये, फुप्फुसे एखाद्या देवळातील आरतीसारखी रंगांत न्हाऊन हलतात. म्हणजे एकाच मृत माणसाच्या दोन पेट्या बाईंनी उघडल्या, एकीत पाप सापडले, दुसरीत हाडे.

त्यानंतरच्या चरित्रपटांचा केवळ निर्देश करतो, कारण त्यांची पद्धत आता वाचकाच्या ध्यानात आली असेल. आत्मचरित्राशीच थोडी लबाडी करणारा ‘टेंडर फिक्शन्स’ १९९५ चा. कवयित्री एलिझाबेथ बिशप हिच्या घरांवरचा ‘वेलकम टु धिस हाउस’ २०१५ चा. त्यांत २००६ चा ‘लव्हर अदर’ मला विशेष वाटतो. क्लोद काहून आणि मार्सेल मूर या दोघी सावत्र बहिणी आणि प्रेयसीही. जर्सी बेटावर जर्मनांचा कब्जा असताना त्यांनी शिपायांच्या खिशांत बंडाची पत्रके सरकवली, पकडल्या गेल्या, मृत्युदंडाची शिक्षा झाली, पण ती अमलात आली नाही, आणि युद्ध संपल्यावर सुटल्या. त्यांच्या कलाकृतींपैकी पुष्कळ शत्रूने नष्ट केल्या. येथे दप्तर जाळणारा धनी नव्हता, अंमलदार होता.

२००६ सालीच बाईंना बीजकोशाचा कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. आजारी माणसाला त्याच्या आजाराचा अर्थ सांगायला भोवतीची मंडळी फार उत्सुक असतात. २००८ च्या चित्रपटाचे नावच बाईंनी ‘अ हॉर्स इज नॉट अ मेटाफर’ असे ठेवले, म्हणजे घोडा हा घोडाच आहे, त्याचे रूपक करू नका. शिरेत थेंबथेंब उतरणारे औषध, केस गळालेले डोके, विवस्त्र उभा असलेला स्वतःचा देह, आणि मग न्यू मेक्सिकोच्या तांबड्या डोंगरांत घोड्यावर मांड ठोकलेली तीच स्त्री. संगीत मेरेडिथ मंक हिचे. बर्लिनच्या महोत्सवात २००९ साली त्याला लघुपटाचे टेडी पारितोषिक मिळाले. रोगाने नंतर दहा वर्षे मुदत दिली. त्या मुदतीत न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात, लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये, पॅरिसच्या झ्यू द पोममध्ये त्यांच्या चित्रपटांचे सिंहावलोकन झाले, कागदपत्रे येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात जमा झाली, आणि २०१७ साली लेस्बियन प्रयोगशील चित्रपटकर्तींसाठी त्यांच्या नावाने एक अनुदान सुरू झाले. ऑक्टोबर २०१८ मध्ये व्हिटनीत त्यांनी मरणाच्या कलेवर एक व्याख्यान दिले. असाध्य रुग्णाला वैद्याच्या साहाय्याने आपला शेवट ठरवता यावा असा कायदा न्यूयॉर्क राज्यात व्हावा यासाठी त्या झटल्या. त्यांच्या हयातीत तो झाला नाही. १६ मार्च २०१९ रोजी, वयाच्या ७९ व्या वर्षी, त्या गेल्या. तीस वर्षे साथ दिलेली सहचरी फ्लॉरी बर्क मागे राहिली.

निरवानिरव करताना त्यांनी एक विलक्षण गोष्ट केली. आपली अपुरी राहिलेली, कधी जोडलीच न गेलेली रिळे त्यांनी जाळली नाहीत, आणि कुलपातही ठेवली नाहीत. ती इतर चित्रपटकर्त्यांच्या स्वाधीन केली, आणि तुम्हाला हवे ते करा असे सांगितले. १९७५ साली मोटरसायकलवरून ग्वातेमालापर्यंत जाऊन बाजारात टिपलेली दृश्ये डेबोरा स्ट्रॅटमन हिच्याकडे गेली, आणि तिने त्यांना माया डेरेनच्या शब्दांची जोड दिली. लिन सॅक्स हिच्या वाट्याला १९९८ मधला एक महिना आला: केप कॉडच्या वाळूच्या टेकड्यांत, वीज नाही, नळ नाही अशा एका झोपडीत बाई एकट्या राहिल्या होत्या, रोजनिशी लिहीत होत्या, आणि बोल्यू कॅमेऱ्याने एका वेळी एकच चौकट टिपत होत्या. एक दाब, एक चौकट. मग थांबायचे, सावली हलली की पुन्हा एक दाब. त्यातून झालेला ‘अ मंथ ऑफ सिंगल फ्रेम्स’ हा चित्रपट १४ मिनिटांचा आहे. वीस वर्षे पेटीत पडलेली ती रोजनिशी त्यात बाई स्वतः वाचतात, थकलेल्या आवाजात, मध्येच आपल्याच एखाद्या वाक्याला हसत.